डिटॉक्सचा उपवास करावा की एक सवय सोडावी? चातुर्मासाच्या नेमातून निघणारी वाट

दिवाळीचा फराळ संपला, लग्नसराई उरकली किंवा नवं वर्ष उजाडलं की फोनवर ‘डिटॉक्स’च्या जाहिराती सुरू होतात. तीन दिवसांचा, सात दिवसांचा, एकवीस दिवसांचा. सकाळी लिंबू-मध, दुपारी दुधीचा रस, दिवसभर काकडी-पुदिन्याचं पाणी, रात्री एरंडेल. साठलेली विषं निघतील, चेहरा उजळेल, चार किलो वजन उतरेल. हे वाचणाऱ्यांत दिवसाला पाच पुड्या खाणारा असतो, सहा कप गोड चहा पिणारी असते, शनिवारी ‘फक्त दोन’ म्हणून बसणारा आणि पाचव्यावर उठणारा असतो. सगळ्यांना मनातून वाटतं की आठवडाभर रसावर काढला की मागची उधारी फिटेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. उधारी अशी फिटत नाही. पण उपवासाला जी चौकट असते ती फार कामाची आहे: ठरलेला दिवस, ठरलेली मुदत, घरादाराला ठाऊक असलेला नेम. ती चौकट रसाच्या बाटलीवर वाया घालवू नका, एका सवयीला लावा. ते कसं करायचं हे पुढे पायरीपायरीने दिलं आहे. त्याआधी वाद समजून घेऊ, कारण ‘डिटॉक्स करून मला बरं वाटलं’ म्हणणारे सगळे खोटं बोलत नसतात.

बरं वाटतं, ते कशामुळे?

डिटॉक्सवाल्यांचं म्हणणं असं की खाण्यातून, हवेतून, औषधांतून शरीरात घाण साठते आणि पोटाला सुट्टी दिली की शरीर ती बाहेर टाकतं. पटण्यासारखं वाटतं. पण कोणती घाण, असं विचारलं की गाडी अडते. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या ‘सेन्स अबाउट सायन्स’ या संस्थेशी जोडलेल्या तरुण शास्त्रज्ञांनी बाजारातल्या पंधरा ‘डिटॉक्स’ उत्पादनांच्या कंपन्यांना गाठून ‘डिटॉक्स म्हणजे काय’ हे विचारलं. दोन कंपन्यांच्या व्याख्या एकमेकींशी जुळल्या नाहीत. २०१५ मध्ये अशा आहारांवरच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेली एकही नीट चाचणी हाती लागली नव्हती.

सफाईचं काम शरीर रोज करतच असतं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. यकृत दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, मग त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. हा वेग लिंबूपाण्याने वाढत नाही. यकृतावरचा भार कमी करायचा असेल तर दारू कमी प्यायला हवी, दुसरा आडमार्ग नाही.

मग उपवासात जे जाणवतं त्याचं काय? पहिल्या-दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, तेव्हा ‘विष बाहेर पडतंय’ असं सांगितलं जातं. बहुतेकदा तो चहा-कॉफी तुटल्याचा परिणाम असतो. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते, दुसऱ्या दिवसाच्या आसपास ती शिगेला पोचते आणि आठवडाभरात निवळते. तोंडाला गोडसर, कुबट वास येतो, कारण साखर संपल्यावर शरीर चरबी जाळू लागतं आणि त्यातून कीटोन तयार होतात. दोन किलो वजन उतरतं, पण ते मुख्यतः पाणी. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साखरेचा साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. साठा संपला की पाणी जातं, आणि पहिल्या वरण-भातासोबत परत येतं. पोट हलकं वाटतं हे मात्र अगदी खरं. तीन दिवस वडापाव, फरसाण, दारू, रात्री अकराचं जेवण हे सगळं बंद असतं. श्रेय रसाला मिळतं, काम न खाल्लेल्या गोष्टींनी केलेलं असतं.

अलीकडे ‘ऑटोफॅजी’चं नाव घेतलं जातं. पेशी स्वतःचे जुने, मोडके भाग मोडून पुन्हा वापरते ती ही प्रक्रिया. जपानचे योशिनोरी ओसुमी यांना यासाठी २०१६ चं नोबेल मिळालं. त्यांचं मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं आहे. त्यावरून ‘माणसाने बहात्तर तास उपाशी राहावं’ असा नुस्खा कोणी विकत असेल तर ती उडी विक्रेत्याची, ओसुमींची नव्हे.

महाराष्ट्रात या वादाला घरचा रंगही आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण आटपा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत आल्या थोडंथोडं, वेळेवर खा. यावरून घराघरांत भांडणं झाली. मला त्या भांडणात एवढंच दिसतं की दोन्ही बाजूंच्या माणसांनी येता-जाता तोंडात टाकणं थांबवलं, आणि ज्यांना ते जमलं त्यांना फरक दिसला. २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू इथल्या एका चाचणीत १३९ स्थूल व्यक्तींना वर्षभर सारखाच कमी उष्मांकाचा आहार दिला. त्यांतल्या निम्म्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात जेवायचं होतं. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक निघाला नाही. घड्याळापेक्षा ताटाला महत्त्व होतं.

आयुर्वेदाचं नाव घेऊन जे डिटॉक्स विकलं जातं त्याबद्दल एक तक्रार. पंचकर्म ही पाच कर्मं आहेत, आधी स्नेहन-स्वेदन (तेल-तूप देणं आणि घाम काढणं) असतं, आणि शोधनानंतर, म्हणजे शुद्धीनंतर, पेया, विलेपी (पातळ, मग घट्ट पेज) अशा क्रमाने हळूहळू जेवणावर आणणारा संसर्जन क्रम असतो. वैद्य प्रकृती, वय, ऋतू पाहून हे ठरवतो. त्यातली फायद्याची किती आणि कशावर, यावर चर्चा होऊ शकते. पण कुरिअरने येणाऱ्या सहा बाटल्यांवर ‘पंचकर्म किट’ लिहिलेलं पाहिलं की चर्चेचाही प्रश्न उरत नाही.

उपवास करायचाच असेल तर

श्रद्धेने केलेल्या उपवासाविषयी मला काही म्हणायचं नाही. त्याचा हेतू वेगळा. फक्त ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपल्याच लोकांनी रचलेलं आहे हे लक्षात असू द्या. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत. खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर आणि वर रताळ्याच्या गोड फोडी खाल्ल्या तर त्या दिवशी पोटाला कसली सुट्टी? एक दिवस उपवास करायचा तर दही किंवा ताक, शेंगदाण्याची आमटी, ताजी वरी, फळं, पुरेसं पाणी असा ठेवा. भगर-वरीचं पीठ सुटं, जुनं, आधीच दळून ठेवलेलं घेऊ नका. नवरात्रात आणि एकादशीला विषबाधेच्या ज्या बातम्या येतात त्यांत हे पीठ अनेकदा असतं. दाणे आणा, निवडा, लागेल तेवढंच दळा.

रसाचं म्हणाल तर दुधी कापल्यावर आधी छोटा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या, रसात साखर किंवा आवळा घालून कडूपणा झाकू नका. कडू दुधीतल्या कुकरबिटासिनमुळे रक्ताच्या उलट्या, रक्तदाब कोसळणं आणि मृत्यूही झाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने याच प्रकरणांचा अभ्यास करून कडू रस पिऊ नका असं बजावलं होतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी पालकाचे हिरवे रस आणि कमरख (स्टारफ्रूट) टाळावं. गुळवेलीच्या बाबतीत वाद चालू आहे. २०२० च्या अखेरीस मुंबईत यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती डॉक्टरांनी पुढच्या वर्षी प्रसिद्ध केली. वनस्पतीची ओळखच नीट पटवली नव्हती, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. वाद मिटेपर्यंत रोज उपाशीपोटी काढा ढोसण्याची घाई कशाला? यकृताचा जुना आजार असेल तर नकोच.

पुढच्या लोकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसभराचाही कडक उपवास करू नये: इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणारे मधुमेही, कारण साखर अचानक उतरते, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन घेणारे, कारण उपाशी राहिल्यावर साखर ठीक दिसत असतानाही रक्तात कीटोन धोकादायक पातळीला जाऊ शकतात, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, गाऊट असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीच्या वयातली मुलं, आधीच अशक्त असलेली म्हातारी माणसं, आणि कधीतरी खाण्याच्या विकारातून गेलेलं कोणीही. उपवासात हात थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर मधुमेह्याने साखर मोजावी. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी परत मोजावं. तेवढ्याने व्रत मोडलं असं कोणी म्हणत असेल तर म्हणू द्या.

पाच दिवसांहून जास्त काळ जवळपास काही खाल्लं नसेल तर उपवास सोडताना दवाखान्याचा सल्ला घ्या. अशा शरीरात एकदम भरपूर जेवण गेलं की फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली जातात आणि हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धातून सुटलेल्या उपाशी कैद्यांत डॉक्टरांनी हे पाहिलं होतं.

आता कामाला लागू.

पायरी १: एकच सवय निवडा

यादी करायला बसलात तर दहा निघतील. तंबाखू, दारू, साखर, रात्रीचं खाणं, मोबाइल, बेकरी. सगळ्यांवर एकदम तुटून पडणारा माणूस आठव्या दिवशी सगळ्यांना परत बोलावतो. निवडीचा क्रम माझ्या मते ठरलेला आहे. तंबाखू कोणत्याही रूपात असेल तर आधी तंबाखू. रोजची दारू असेल तर दारू, पण ती डॉक्टरांच्या मदतीने. हे दोन्ही नसेल तर साखर. बाकी सगळं नंतर.

लोक उलटं करतात. तंबाखू तशीच ठेवून ग्रीन टी सुरू करतात, कारण ग्रीन टी सोपा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांना तंबाखूची सवय आढळली, आणि त्यातला फार मोठा भाग ओढणाऱ्यांचा नाही, खाणाऱ्यांचा आणि लावणाऱ्यांचा होता. घरातली मिशरीची डबी या हिशोबात कोणी धरत नाही. ती दात घासायची गोष्ट समजली जाते. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

पायरी २: आठवडाभर फक्त लिहा

काहीही बंद करू नका. खिशात कागद ठेवा आणि दर वेळी चार गोष्टी लिहा: किती वाजले, कुठे होतो, सोबत कोण होतं, त्याआधी काय घडलं. सात दिवसांनी कागद वाचलात की बहुतेक वेळा दोन-तीन जागाच पुन्हा पुन्हा दिसतील. जेवणानंतरची पाच मिनिटं. साहेबांच्या केबिनमधून बाहेर आल्यावरची टपरी. संध्याकाळी घरात शिरण्याआधीचा कोपरा. पुढची सगळी तयारी या दोन-तीन जागांसाठी करायची आहे. बाकीचा दिवस आपोआप निभावतो.

सकाळी उठल्याउठल्या अर्ध्या तासाच्या आत तंबाखू किंवा बिडी लागते का, तेही पाहा. लागत असेल तर शरीर निकोटिनवर बरंच टेकलेलं आहे. नुसत्या निश्चयावर भिस्त ठेवू नका, पायरी ५ मधली औषधाची मदत घ्या.

पायरी ३: तारीख आणि मुदत

‘बघू, कमी करतोय’ हा नेम नव्हे. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास आपल्याकडे याच कामासाठी वापरला गेला आहे. कोणी कांदा-लसूण सोडायचं, कोणी वांगं, कोणी एकवेळ जेवायचं. चार महिने म्हणजे साधारण ११८ ते १२० दिवस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ लोकांना रोजची एक छोटी नवी सवय लावायला सांगितली, तेव्हा ती अंगवळणी पडायला मधल्या अंदाजाने ६६ दिवस लागले. कोणाला १८, कोणाला २५४. ही मोजणी सवय लावण्याची होती, सोडण्याची नव्हे. तरी एवढं कळतं की तीन दिवसांच्या रसाने किंवा नवरात्राच्या नऊ दिवसांनी सवयीला धक्काही लागत नाही, आणि जाहिरातींतले एकवीस दिवस बहुतेकांना अपुरे पडतात. चातुर्मास पुरतो.

श्रावणाबद्दल सावध करायला हवं. गटारीला दोन दिवसांची पिऊन घ्यायची, श्रावण कडक पाळायचा आणि गणपती गेले की वसूल करायचं, असा क्रम असेल तर त्यात सुटलेलं काही नाही. महिनाभराने शरीराची दारू झेपण्याची ताकद उतरलेली असते, आणि माणूस मात्र जुन्या मापाने ग्लास भरतो. म्हणून मुदत संपण्याच्या दिवशी काय करायचं ते आजच लिहून ठेवा. पारण्याच्या दिवशी नव्याने विचार करायला बसलात तर उत्तर ठरलेलं असतं.

चातुर्मास नसेल किंवा त्या परंपरेशी तुमचा संबंध नसेल तर रमजान, लेंट, वर्षावास, मुलीच्या परीक्षेपासून तिच्या निकालापर्यंत, काहीही चालेल. सुरुवात आणि शेवट कॅलेंडरवर दिसले पाहिजेत.

पायरी ४: नकाराचं वाक्य तयार ठेवा

वारकऱ्यांची तुळशीची माळ या बाबतीत किती हुशार रचना आहे, हे लक्षात घ्या. माळ घातली की दारू आणि मांसाहार सुटतो. पण खरी सोय पुढे आहे. लग्नाच्या पंगतीत, मित्रांच्या बैठकीत ‘माळकरी आहे’ एवढे दोन शब्द पुरतात. कोणी आग्रह करत नाही, कोणी कारण विचारत नाही, आणि गावातलं पोरही माळकऱ्याला गुत्त्यात पाहिलं तर घरी सांगतं. वर दरवर्षी वारी आहे, दिंडी आहे, तीच माणसं पुन्हा भेटतात.

माळ न घालताही यातलं बरंच उचलता येतं. एक वाक्य ठरवा, लहान, वाद न वाढवणारं. ‘मी सोडली.’ ‘डॉक्टरांनी बंद केलंय.’ ‘माझा नेम आहे.’ ‘प्रयत्न करतोय’ म्हणू नका. त्यात समोरच्याला फट दिसते. घरच्या एकाला, कामावरच्या एकाला आणि टपरीवाल्याला तारीख सांगा. टपरीवाल्याला सांगणं विनोदी वाटेल, पण तुम्ही दिसताच पुडी पुढे सरकवणारा हात तोच आहे.

घरच्यांसाठीही एक सूचना. वहिनी, आई, नवरा, जो कोणी आहे त्याने रोज खिसे तपासू नयेत. आठवड्यातून एकदा ‘कसं चाललंय?’ विचारावं आणि उत्तर ऐकून घ्यावं.

पायरी ५: सवयीनुसार वेगळी वाट

तंबाखू, मावा, खर्रा, गुटखा, मिशरी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे खाणाऱ्याला विचारावं लागत नाही. तेव्हा कायद्यावर विसंबू नका. तंबाखू कमी करत नेण्यापेक्षा ठरल्या दिवशी पूर्ण बंद करणं बहुतेकांना सोपं जातं. आदल्या रात्री डबी, चुन्याची नळी, विदर्भात खर्रा घोटायची पन्नी, सगळं घराबाहेर. ‘पाहुण्यांसाठी’ काही ठेवायचं नाही.

पहिले तीन दिवस सगळ्यात अवघड. चिडचिड, झोप उडणं, लक्ष न लागणं, भूक वाढणं, पोट साफ न होणं, क्वचित तोंड येणं. तीन-चार आठवड्यांत हे ओसरतं. एकेक तलफ मात्र पाच-दहा मिनिटांचीच असते, आणि ती लाटेसारखी चढून आपोआप उतरते. तेवढा वेळ काढायचा. जागेवरून उठा, पाणी घोटघोट प्या, लांब श्वास घ्या, कोणाला तरी फोन लावा. तोंडाला चाळा हवा असेल तर बडीशेप, लवंग, वेलची, भाजलेले जवस. सुपारी नको. ‘तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो’ ही सर्वांत मोठी फसगत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात तंबाखूविना सुपारीही माणसात कर्करोग घडवते असं नोंदवलं आहे, आणि तोंड उघडेनासं होण्यामागे मुख्य हात सुपारीचाच असतो.

निकोटिनचं च्युइंगगम औषधांच्या दुकानात मिळतं, पण ते साध्या गमसारखं चघळलं तर उपयोग होत नाही, उलट उचकी आणि मळमळ होते. दोन-चारदा चावा, झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्या. चव गेली की परत थोडं चावा. असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा, कॉफी, शीतपेय नको, कारण तोंडात आंबटपणा असला की निकोटिन शोषलं जात नाही. गरोदरपण असेल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारूनच. बोलायला कोणी हवं असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांक १८००-११-२३५६ मोफत आहे. तो पुडीवरच छापलेला असतो.

दारू. इथे ‘आजपासून एकदम बंद’ हा सल्ला जीवघेणा ठरू शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक तोडली तर ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, घाम, उलट्या, बेचैनी होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भान सुटणं, नसलेली माणसं-किडे दिसणं, ताप असा प्रकार झाला तर जीव जाऊ शकतो. ‘श्रावण लागला, सोडली’ म्हणून हाच माणूस वर डिटॉक्सच्या नावाने उपाशी राहिला तर धोका आणखी वाढतो, कारण पिणाऱ्यांच्या शरीरात थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व आधीच कमी असतं.

स्वतःला चार प्रश्न विचारा. दारू कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कोणी टोकलं की राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटलं का? सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला किंवा उतारा म्हणून प्यावी लागली का? दोन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ असतील तर सोडण्याआधी डॉक्टरांना भेटा. शेवटचं एकटं उत्तर ‘हो’ असलं तरी भेटाच. काही दिवसांची गोळ्यांची आणि थायमिनची मदत घेऊन दारू सुरक्षित सुटते. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र यासाठी सगळ्यांना ठाऊक आहे. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ दारू आणि तंबाखूवर गावागावांत काम करतं आहे. दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी सभा मोठ्या शहरांत होतात, फी नसते. सरकारी व्यसनमुक्ती क्रमांक १४४४६, आणि मन फारच खचलं असेल तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६.

कधीमधी पिणाऱ्याला हे सगळं लागू नाही. त्याने मुदतीपुरती पूर्ण बंद ठेवावी आणि चकण्याच्या बशीलाही रजा द्यावी. शेंगदाणे-फरसाण समोर आलं की ग्लास आठवतोच.

चहातली साखर. पाच कप, दर कपाला दोन चमचे, म्हणजे जवळपास ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. यात अजून बिस्किट, शिरा, लोणच्यातला गूळ आलेला नाही. इथे एकदम तोडण्याची गरज नाही. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा आणि चमचा सपाट भरा. महिनाभरात जीभ सरावते, मग जुना चहा पाकासारखा लागतो. गुळाचा चहा ही पळवाट आहे, सवलत नाही. कप कमी करायचे असतील तर दोन दिवसाआड एक कमी करा, म्हणजे ती डोकेदुखी होणार नाही. सोसायटीतल्या किंवा ऑफिसातल्या चहाला नाही म्हणणं अवघड जातं त्यांनी ‘कटिंग, बिनसाखरेचा’ सांगून सुरुवात करावी.

रात्रीचं खाणं. डबे उंच कपाटात, जेवण आठला, दात साडेआठला घासून टाका. यापलीकडे यात फार काही नाही.

पायरी ६: घसरलात तर

मित्राच्या हळदीत एक पेग झाला, प्रवासात एक पुडी फुटली. आता दोनच गोष्टी करायच्या. त्याच दिवशी कागदावर पायरी २ सारखं लिहायचं: कुठे, कोण, काय घडलं. आणि दुसऱ्या दिवशी मोजणी एकपासून न धरता पुढे चालू ठेवायची. वर सांगितलेल्या लंडनच्या अभ्यासात मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा खंड पडला नव्हता. ‘व्रत मोडलंच आहे, आता काय’ या विचाराने मात्र खंड पडतो. सलग तीन दिवस घसरलात तर पद्धत बदला: गम सुरू करा, हेल्पलाइनला फोन करा, ती टपरी असलेला रस्ता सोडा. दारूच्या बाबतीत तीन दिवसांची वाट पाहू नका.

प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं टाळा. भुकेल्या, चिडलेल्या माणसाला तलफ जास्त छळते. संध्याकाळी तो हमखास पुन्हा त्याच कोपऱ्यावर असतो.

काय मोजायचं

वजन पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर. कंबर महिन्याला एकदा. तंबाखू सोडल्यावर वजन दोन-चार किलो वाढू शकतं. त्यासाठी परत तंबाखू धरू नका, जेवणानंतर चाला. साखर सोडली असेल तर तीन महिन्यांनी एचबीए१सी करून घ्या, कारण ती तपासणी मागच्या तीन महिन्यांचा हिशोब देते, एका दिवसाच्या उपवासाने तिला फसवता येत नाही. दारू सोडली असेल तर यकृताच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा. बिडी-सिगारेट सुटली असेल तर वर्षभरात हृदयविकाराचा जास्तीचा धोका जवळपास अर्ध्यावर येतो.

तंबाखू किंवा सुपारी खाल्लेली असेल तर महिन्यातून एकदा आरशासमोर, चांगल्या उजेडात तोंड तपासा. ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट न सोसणं, उभी तीन बोटं तोंडात न मावणं, यातलं काहीही दिसलं तर दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात जा. सवय सुटून वर्ष झालं असलं तरी ही तपासणी बंद करू नका.